खुडूक कोंबडी, अंडे आणि अश्विन महिना

पावसाळा संपत आला की आमच्या पवनीकडच्या गावांतून एक तक्रार बहुतेक दरवर्षी कानांवर येते : "कोंबड्या साऱ्या गेल्या." कोठे मुंगूस शिरले, कोठे ओल्या खुराड्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागली, आणि सर्वांत वाईट म्हणजे कोठे मानमोडी आली. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात आणि आठवड्याच्या आत वीस कोंबड्यांचे खुराडे ओस पडते. या रोगाला राणीखेत असेही म्हणतात, कारण कुमाऊँ भागातल्या राणीखेत गावी १९२७च्या सुमारास तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला. तो विषाणूमुळे होतो आणि त्यावर औषध नाही. आहे ती फक्त लस.

परसातल्या वीस कोंबड्या म्हणजे काही मोठी इस्टेट नव्हे, असे कुणी म्हणेल. परंतु वहीपेन, चपला, शाळेच्या सहलीची वर्गणी हे सारे अनेक घरी आईच्या किंवा आजीच्या अंड्यांच्या पैशांतूनच येते. म्हणून प्रश्न महत्त्वाचा आहे. समजा, साथीतून तीन कोंबड्या आणि एक कोंबडा एवढेच वाचले, तर पुन्हा वीसचा कळप कसा उभा करायचा? बाजारातून पिल्ले आणता येतात. नागपूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या सरकारी केंद्रांतूनही ती मिळतात. पण त्यांना पैसे लागतात. शिवाय वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची एक अडचण अशी की त्या अंडी पुष्कळ देतात, पण अंड्यांवर बसत नाहीत. निवड करता करता माणसाने त्यांचा खुडूकपणा काढून टाकला आहे. देशी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, परंतु ती स्वतःच अंडी उबवण्याचे यंत्र आहे, आणि या यंत्राला वीज लागत नाही.

हे यंत्र कसे चालते आणि आपल्या भागात ते चालू करायला अश्विन-कार्तिक हे महिने का चांगले, ते आज पाहू. मी पदार्थविज्ञान शिकवतो, पशुवैद्यक नव्हे; त्यामुळे अंड्याकडे मी उष्णता, बाष्प आणि हवा यांच्या दृष्टीने पाहणार आहे. तसे पाहिले की आजीच्या पुष्कळ रीती बरोबर का आहेत ते कळते, आणि काही रीती निरर्थक आहेत हेही कळते.

प्रथम अंडे हातात घ्या. देशी कोंबडीचे अंडे सुमारे ४५ ग्रॅमचे असते. त्याचे कवच जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचे असून ते आपल्याला दगडासारखे भरीव वाटते. प्रत्यक्षात त्यात सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. या छिद्रांतून प्राणवायू आत जातो आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर पडते. हर्मन राह्न या अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याची मोजमापे केली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात ६० ग्रॅमच्या अंड्याचा हिशेब दिला आहे : एकवीस दिवसांत ते सुमारे ६ लिटर प्राणवायू घेते, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकते. नाक नाही, फुप्फुस चालू झालेले नाही, तरी श्वासोच्छ्वास चालू! हा सारा व्यवहार निव्वळ विसरणाने होतो. खोलीच्या एका कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडली की वास दुसऱ्या कोपऱ्यात पोचतो, तोच हा नियम.

आता एक मजेदार गोष्ट पाहा. कोंबडी बारा अंडी घालायला दोन आठवडे तरी घेते. मग पहिल्या दिवसाच्या अंड्यातले पिल्लू आधी आणि शेवटच्या अंड्यातले दोन आठवड्यांनी बाहेर पडायला हवे. तसे होत नाही. बहुतेक सारी पिल्ले एक-दीड दिवसाच्या आत बाहेर येतात. याचे कारण असे की अंड्याचे तपमान सुमारे २० ते २१ अंश सेंटिग्रेडच्या खाली असेल तर आतला गर्भ वाढत नाही. तो मेलेला नसतो, थांबलेला असतो. कोंबडी खुडूक होऊन ठाण मांडून बसली, अंडी तापली, की सर्वांची घड्याळे एकदम चालू होतात.

उन्हाळ्यात नेमकी येथेच मेख आहे. मे महिन्यात पवनीत दुपारी पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कौलारू घरातही ३५ अंशांच्या खाली उतरत नाही. अशा घरात टोपलीत ठेवलेले अंडे थांबलेले राहत नाही. गर्भ थोडा वाढतो, रात्री रेंगाळतो, पुन्हा थोडा वाढतो, आणि कोंबडी बसण्यापूर्वीच मरतो. मग "उन्हाळ्यात अंडी कुजतात" असे आपण म्हणतो. अश्विनात रात्री गार होऊ लागतात. त्यातही अंडी माठाशेजारी, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवली तर ती खोलीपेक्षा काही अंशांनी थंड राहतात. वाळूतले पाणी उडून जाताना आपली बाष्पीभवनाची उष्णता मडक्यातूनच घेते. श्रावणात ही युक्ती चालत नाही, कारण हवा आधीच ओली असते आणि पाणी उडतच नाही. अंड्याचे निमुळते टोक खाली ठेवावे, आणि होता होईल तो सात दिवसांच्या आतली अंडी बसवावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो तो धुण्याने निघून जातो. आणखी एक गोष्ट अशी की गरम अंडे गार पाण्यात पडले तर आतली हवा आकुंचन पावते आणि छिद्रांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढून घेते. पावसाळ्यात ओल्या खुराड्यात घातलेल्या अंड्याचे हेच होते. कोंबडीच्या पोटातून ४१ अंशांवर बाहेर आलेले अंडे ओल्या चिखलात निवते आणि चिखलातले जंतू शोषून घेते. पावसाळी अंडी नासतात त्याला हे एक मोठे कारण आहे.

पुष्कळ लोक मात्र दुसरेच कारण सांगतात. ते म्हणतात, पावसाळ्यात हवा दमट म्हणून अंड्यातले पाणी उडत नाही. हे तपासून पाहण्यासारखे आहे, कारण येथे नेहमीची समजूत फसवी ठरते.

एकवीस दिवसांत अंड्याचे पाणी उडायला हवे हे खरे. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्के घटले पाहिजे. जेवढे पाणी जाते तेवढी जागा बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीला मिळते, आणि याच पोकळीतली हवा पिल्लू पहिल्या श्वासाला घेते. पाणी कमी उडाले तर पोकळी लहान राहते आणि पिल्लू जणू आतच बुडते. जास्त उडाले तर आतले पापुद्रे सुकून पिल्लाला चिकटतात. आता पाणी किती उडेल हे कशावर अवलंबून? अंड्याच्या आतला बाष्पदाब आणि भोवतालच्या हवेतला बाष्पदाब यांतील फरकावर. ३७.५ अंशांवर असलेल्या अंड्याच्या आत तो पाऱ्याच्या सुमारे ४८ मिलिमीटर असतो. समजा, ऑगस्टमध्ये हवा २७ अंशांवर असून सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के आहे. त्या हवेतला बाष्पदाब सुमारे २३ मिलिमीटर येतो. फरक राहिला २५. समजा, नोव्हेंबरच्या आरंभी हवा २४ अंशांवर आणि आर्द्रता ६५ टक्के आहे. बाष्पदाब साडेचौदा मिलिमीटर आणि फरक जवळजवळ ३४. म्हणजे ऑगस्टच्या 'ओल्या' हवेतही अंड्यातले पाणी व्यवस्थित उडते! तीच हवा अंड्याजवळ येऊन ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ८५ वरून ४७ टक्क्यांवर घसरते. नोव्हेंबरची हवा तापली की ३० टक्क्यांवर येते. अंड्यांना हवी असते ती ५५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा शरद ऋतूत धोका ओलाव्याचा नसून कोरडेपणाचा आहे, आणि कोरडेपणावर उपाय करणे सोपे आहे.

कोंबडी स्वतः तो करते. तिच्या अंगाची वाफ आणि पिसांखाली कोंडलेली हवा यांमुळे अंड्यांजवळची हवा बाहेरच्यापेक्षा ओलसर राहते. आपण घरट्याच्या तळाशी चार बोटे ओलसर माती किंवा वाळू घालून तिच्यावर तणस पसरले की काम भागते. शेवटच्या तीन दिवसांत तणसाच्या कडेने कोमट पाणी शिंपडावे. काही घरी घरट्यात लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवतात, म्हणजे विजांच्या गडगडाटाने अंडी बिघडत नाहीत म्हणे. खिळ्याने गडगडाट कसा अडणार, हे मला तरी समजलेले नाही. ओली माती मात्र खुशाल ठेवा.

हा पाण्याचा हिशेब तुम्ही स्वतः मोजू शकता, आणि माझ्या मते शाळेतल्या कितीतरी प्रयोगांहून हा प्रयोग सरस आहे. किराणा दुकानात असतो तसा एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा मिळवा. दहा अंडी एकत्र तोला. समजा ४५० ग्रॅम भरली. कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते, त्या वेळी दर तीन दिवसांनी झटपट तोलत जा. रोज सुमारे तीन ग्रॅम घट यायला हवी. सातव्या दिवशी ४२९, चौदाव्या दिवशी ४०८, अठराव्या दिवशी ३९६ च्या आसपास. आलेख कागदावर बिंदू मांडा. ते बहुतेक सरळ रेषेत येतील. रेषा फार उतरती झाली तर ओलावा वाढवा, फार सपाट राहिली तर शिंपडणे थांबवा. एक सावधगिरीची सूचना : वजन घटते आहे म्हणून गर्भ जिवंत आहे असे समजू नका. फलित नसलेले अंडेही छिद्रांतून तेवढेच पाणी गमावते.

जिवंतपणा पाहायचा तर सातव्या रात्री अंधारात पुठ्ठ्याच्या खोक्याला रुपयाएवढे भोक पाडून खोक्यात बॅटरी ठेवावी आणि भोकावर अंडे धरावे. मोबाइलची बॅटरीही चालते. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला तर गर्भ वाढतो आहे. अंडे स्वच्छ पारदर्शक दिसले तर ते फलित नाही. ते बाजूला काढावे, म्हणजे कोंबडीची ऊब वाया जात नाही. हा ठिपका सुमारे साडेतेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनेही पाहिला होता. त्याने उबवणीच्या वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून आत काय दिसते ते लिहून ठेवले आहे, आणि रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय तिसऱ्या दिवशी उड्या मारताना दिसते अशी त्याची नोंद आहे.

आता उष्णतेकडे वळू. खुडूक होण्याच्या सुमारास कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडी घालणे थांबते आणि पोटाखालची पिसे गळून उघडी, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा तयार होते. ही त्वचा अंड्याला थेट टेकते. कोंबडीचे तपमान ४१ अंशांच्या आसपास आणि अंड्याच्या गाभ्याचे ३७ ते ३८. वरची बाजू अधिक गरम, खालची थंड. म्हणून ती चोचीने अंडी सारखी फिरवत असते आणि कडेची अंडी मध्ये ओढत असते. अंडे फिरले नाही तर गर्भ वर तरंगून पापुद्र्याला चिकटतो. यंत्रात अंडी उबवताना हे काम माणसाला करावे लागते. त्यासाठी अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी उलटतात. विषम वेळाच का? रात्र सर्वांत लांब. विषम वेळा उलटल्याने काल रात्री वर असलेली बाजू आज रात्री खाली येते. अठराव्या दिवसानंतर मात्र अंडी फिरवत नाहीत.

कोंबडी चरायला उठते तेव्हा अंडी निवत नाहीत का? निवतात, पण किती ते पाहा. मोकळ्या हवेतल्या एकट्या अंड्याचा आणि हवेचा तपमानातला फरक वीस मिनिटांत ढोबळमानाने ४० टक्क्यांनी कमी होतो. हा न्यूटनचा शीतलनाचा नियम. हवा २४ अंशांची असेल तर अंडे साधारण पाच अंशांनी उतरेल. जानेवारीच्या पहाटे हवा १० अंशांची असेल तर तेवढ्याच वेळात अकरा अंशांनी उतरेल. तणसात बारा अंडी एकमेकांना खेटून असल्याने प्रत्यक्षातली घट याहून कमी. गर्भाला थोडा वेळ निवणे चालते. अधिक तापणे मात्र अजिबात चालत नाही. गाभ्याचे तपमान चाळीसच्या वर बराच वेळ राहिले तर गर्भ मरतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत कोंबडी अंड्यांना ऊब देणार की स्वतः चोच उघडून धापा टाकणार? अश्विनात हवा अंड्यापेक्षा थंड असते, पण फार थंड नसते, आणि कोंबडीला हवे तसे नियंत्रण करता येते.

नियंत्रणावरून आठवले. आज इस्त्रीत, फ्रिजमध्ये आपण जो थर्मोस्टॅट वापरतो, त्याच्या पूर्वजांपैकी एक अंडी उबवण्यासाठीच जन्मला. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याची एक पेटी केली. पेटीभोवती पाणी, खाली विस्तव, आणि आत मद्यार्क व पारा भरलेली नळी. पेटी तापली की मद्यार्क प्रसरण पावून पाऱ्याला ढकली, पारा दांडी उचली आणि दांडीमुळे विस्तवाची झडप मिटे. निवली की झडप उघडे. इजिप्तमध्ये तर हजारो अंडी उबवणाऱ्या मातीच्या भट्ट्या फार प्राचीन काळापासून होत्या, आणि तेथील कारागीर अंडे पापणीला टेकवून त्याची ऊब ओळखत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ साली या विषयावर ग्रंथच लिहिला आणि शेणखताच्या उबेवर अंडी उबवून पाहिली. पापणीऐवजी त्याने तपमापक वापरला.

एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू हवेची पोकळी फोडून पहिला श्वास घेते, आणि नंतर चोचीवरच्या कठीण टोकाने कवच टोचू लागते. कित्येकदा टोचल्यापासून बाहेर पडेपर्यंत बारा ते चोवीस तास जातात. या वेळी मुलांचा हात शिवशिवतो. कृपा करून कवच सोलू नका. त्या तासांत पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत असते आणि कवचाला लागून असलेल्या रक्तवाहिन्या बंद होत असतात. घाईने सोललेले पिल्लू रक्त जाऊन मरते. पोटातल्या या बलकावर पिल्लू दोन दिवस दाण्यावाचून राहू शकते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरच्या गावी पाठवता येतात ती त्याच्याच जोरावर.

बाहेर पडल्यावर खरी परीक्षा सुरू होते. पिल्लू तीस ग्रॅमचे, कोंबडी समजा साडेतेराशे ग्रॅमची. वजन पंचेचाळीसपट, म्हणून लांबी-रुंदी सुमारे साडेतीनपट. याचा अर्थ, दर ग्रॅम वजनामागे पिल्लाचे पृष्ठफळ कोंबडीच्या साडेतीनपट असते, आणि उष्णता जाते ती पृष्ठभागातूनच. त्यात अंगावर पिसे नाहीत, नुसती लव. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. आई असली तर ती पंखांखाली हे सारे करते. आई नसेल तर पूर्वी खोक्यात साठ वॅटचा दिवा लावत. हल्ली घरोघर एलईडी दिवे आले. ते वीज वाचवतात ते उष्णता वाया न घालवून, आणि पिल्लांना तर तीच 'वाया' जाणारी उष्णता हवी असते! तेव्हा तारेचा जुना दिवा शोधावा किंवा गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिचा विषारी वायू पिल्लांना आणि माणसांनाही मारतो. तपमापक नसेल तर पिल्लेच तपमापक : गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे, उबेपासून दूर पळून चोच उघडी टाकत असतील तर उकडते आहे, सगळीकडे विखरून टिपत असतील तर ठीक चालले आहे.

आता पंचांग पुढे ओढा. कोजागरीच्या सुमारास बसवलेली अंडी पांडवपंचमीच्या आसपास फुटतात. तेव्हा आपल्याकडे धान कापणी चालू असते. बांध्यांतले पाणी आटलेले, खळ्यावर सांडलेले धान, तणसात किडे, घरात कणी आणि कोंडा. वाढत्या पिल्लांना किड्यांतली प्रथिने आणि धान्य एकाच ठिकाणी मिळते. हा योगायोग बराच जुना असावा. कोंबडी ही तांबड्या रानकोंबडीपासून आली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची आजवर सापडलेली सर्वांत जुनी निश्चित हाडे थायलंडमधील बान नॉन वात येथील असून ती ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० या काळातली आहेत. भात आणि भरडधान्याच्या शेतांनी रानकोंबड्यांना माणसाजवळ ओढले असावे, असे त्या संशोधकांचे मत आहे.

पहिले तीन-चार आठवडे, ज्यांत पिल्लांना उबेची गरज असते, ते नोव्हेंबरच्या सौम्य थंडीत जातात. कडाक्याची थंडी पडते तोवर पिसे आलेली असतात, आणि संक्रांतीला पिल्ले आठ ते अकरा आठवड्यांची होतात. जमीन कोरडी असल्याने रक्ताची हगवण लावणारे जंतूही कमी. सहा-सात महिन्यांनी तलंगा अंड्यावर येतात तेव्हा एप्रिल-मे चालू असतो. दिवस मोठे होत असतात आणि अंडी घालण्याला लांबत जाणारा दिवस पोषक असतो. आपल्या अक्षांशावर हा फरक फार नाही, डिसेंबरचा दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा तर जूनचा १३ तास २४ मिनिटांचा. पण कोंबडीला तो कळतो. ही उन्हाळी अंडी उबवायला ठेवू नयेत, खावीत किंवा विकावीत.

हिशेब मांडू. तीन कोंबड्या, प्रत्येकीखाली बारा अंडी, एकूण ३६. त्यांतली पाच-सहा फलित नसतील, चार-पाच मध्येच मरतील. समजा २६ पिल्ले निघाली. मोकळी सोडली तर घार, कावळा, मांजर आणि मुंगूस यांच्या वाट्याला निम्मी जातात. म्हणून पहिला महिना त्यांना आईसह डालग्याखाली किंवा जाळीत ठेवावे. मग वीस तरी वाचावीत. त्यांत निम्मे नर. म्हणजे दहा तलंगा आणि जुन्या तीन मिळून तेरा माद्या. एका हंगामात तीनाच्या तेरा! अट एवढीच की दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईला पाहुणे आले म्हणजे अंड्यांवर बसलेल्या कोंबडीवर कुणाची नजर जाऊ नये.

साथीत कोंबडाच गेला असेल तर? कोंबडीच्या शरीरात शुक्रजंतू साठून राहतात, त्यामुळे शेवटच्या संयोगानंतरही आठ-दहा दिवस फलित अंडी मिळू शकतात. परंतु साथ चालू असतानाची अंडी उबवू नयेत. खुराडे रिकामे करावे, खालची माती खरवडून पुरावी, चुना मारावा, उन्हात तापू द्यावे आणि किमान महिनाभर थांबावे. मरतूक एकाएकी आणि फार झाली तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, कारण तो बर्ड फ्लू असू शकतो. देशात त्याची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही तो आला. अशा वेळी परसातल्या कोंबड्याही माराव्या लागतात, आणि सरकारी पाहणी पूर्ण होऊन परवानगी मिळाल्याशिवाय नवी पिल्ले आणता येत नाहीत.

मानमोडीसाठी मात्र आधीच तयारी करता येते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लस टोचून. अडचण अशी की लसीची कुपी बहुधा शंभर मात्रांची असते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन-एक तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी शंभर मात्रा कोण आणणार? म्हणून एका गल्लीतल्या पाच घरांनी आपल्या कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्या, म्हणजे पिल्ले एका वयाची होतात आणि एक कुपी सर्वांना पुरते. ती दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी आणि सकाळी गारव्यात द्यावी. दहा नरांपैकी एक ठेवून बाकीचे विकावेत. आणि ठेवायचा तोही आपल्या घरचा न ठेवता पलीकडच्या गावातल्या कळपाशी बदलून घ्यावा, म्हणजे पुढच्या अश्विनात भावंडांची भावंडांशी वीण होणार नाही.